गुंता खाली, कारण वर: शिलाई मशीनशी जमवून घेताना

कापडाच्या खालच्या बाजूला दोरा गुंतला की हात आपोआप बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाकडे जातो. गुंता खाली आहे, म्हणजे बिघाडही खालीच असणार, असं वाटणं साहजिक आहे. मावशीचं मशीन माझ्याकडे आलं तेव्हा सुरुवातीचे कितीतरी दिवस मी बॉबिनच्या मागे होते. बॉबिन ज्यात बसते ती डबी काढायची, बॉबिन नव्याने भरायची, परत बसवायची. चार टाके नीट पडायचे, मग घर्र आवाज करून मशीन अडकायचं. कापड उलटून बघावं तर कंगव्यातून निघालेल्या केसांसारखं दोऱ्याचं गुंतवळ.

उलगडा झाला तो दोन रंगांच्या दोऱ्यांमुळे. वर लाल, बॉबिनमध्ये पांढरा, आणि शिवायला जुन्या चादरीचा तुकडा. नवीन शिकणाऱ्या कुणालाही मी आधी हेच करायला सांगेन, कारण एकाच रंगाचा दोरा असला की कोण कुठे चुकतोय ते कळतच नाही. माझ्या तुकड्यावर खालचं सगळं गुंतवळ लाल निघालं. पांढरा दोरा बिचारा सरळ रेषेत पडला होता. म्हणजे खाली साचलेला दोरा वरून येत होता.

मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. सुई खाली जाऊन परत वर निघते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलची, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाची, चोच तो फास पकडते, बॉबिनला वळसा घालते, आणि वरची दोरा ओढणारी दांडी तो परत खेचून घेते. दोन्हीकडचा ताण जुळला की दोऱ्यांची अढी कापडाच्या जाडीत मधोमध बसते, कुठूनच दिसत नाही. वरच्या दोऱ्याला ताणच नसेल तर फास पूर्ण खेचला जात नाही आणि खाली लोंबत राहतो. उलट, खालचा पांढरा दोरा वर ठिपक्यांसारखा डोकावत असेल तर वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबिनचा कमी.

वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारं टेन्शनचं बटण तर 4 वर होतं. 6 वर नेलं तरी काही फरक नाही. ‘टेन्शन वाढव’ हा सल्ला सगळ्यांत आधी मिळतो आणि फार कमी वेळा लागू पडतो, असं माझं मत बनलं आहे. कारण दोऱ्याला चिमटीत धरून ताण देणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये तो गेलेलाच नसेल तर बटण फिरवून काय होणार? प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असताना त्या दोन चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. तशात दोरा ओवला की तो आत न जाता कडेवरच बसतो. फूट वर उचलला की चकत्या सैल होतात आणि दोरा बरोबर आत सरकतो. म्हणून ओवताना फूट नेहमी वर.

याची परीक्षाही सोपी आहे. दोरा सुईपर्यंत आणायचा, पण नेढ्यात घालायच्या आधी हाताने ओढून बघायचा. फूट वर असताना तो सुळकन यायला हवा, फूट खाली केला की हाताला स्पष्ट अडवणूक जाणवायला हवी. दोन्ही वेळा सारखाच येत असेल तर परत ओवायचा. त्याच वेळी दोरा ओढणाऱ्या दांडीच्या भोकातून तो गेलाय का तेही बघायचं. काही मशीनमध्ये ही दांडी झाकणाआड लपलेली असते. चाक आपल्याकडे फिरवून सुई अगदी वर आणली की ती दिसते. दांडी चुकली तर पहिल्या काही टाक्यांतच मशीन अडकतं.

गुंतवळ थांबलं, मग टाके सुटायला लागले. पाच-सहा चांगले, मध्येच एक लांब उडी. टी-शर्टच्या कापडावर तर निम्मे टाके गायब. इथे दोष जवळजवळ नेहमी सुईचा असतो. सुई किंचित वाकलेली असेल, पूर्ण वरपर्यंत खोचलेली नसेल किंवा उलटी बसली असेल, तर फास चोचीला सापडत नाही. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते आणि दोरा त्या बाजूने नेढ्यात शिरतो. सपाट बाजू शटलकडे असते. सपाट फरशीवर सुई आडवी ठेवून खालून उजेड बघितला की वाक लगेच कळतो.

सुईच्या पाकिटावरचे 80/12, 90/14 हे आकडे जाडीचे. 90 म्हणजे 0.90 मिलिमीटर. साध्या सुती कापडाला 80 किंवा 90, जीन्ससाठी 100/16, आणि ताणल्या जाणाऱ्या कापडाला बॉलपॉइंट सुई, जिचं गोलसर टोक धागे न तोडता त्यांच्या मधून जातं. टी-शर्टवरचे गायब टाके सुई बदलताच परत आले. साधारण आठेक तासांच्या शिवणानंतर सुई बदलावी म्हणतात. मी तास मोजत नाही. कापडात शिरताना टक्‌टक् आवाज यायला लागला की बदलते.

दोरा तुटण्याचं कारण मात्र दोऱ्यातच होतं. मशीनबरोबर आलेली जुनी रिळं दिसायला छान, पण हाताने झटका दिला की दोरा पट्‌दिशी तुटायचा. ती सगळी कच्च्या टाक्यांसाठी बाजूला काढली.

आता बॉबिन. तिच्याकडे लक्ष द्यायचंच नाही असं नाही, फक्त शेवटी द्यायचं. डबीच्या बारीक पत्तीखाली सुताचा एखादा तंतू अडकला तरी ताण बिघडतो. कागदाचा कोपरा आत सरकवला की तो निघतो. सुटी निघणारी धातूची डबी असेल तर ती दोऱ्याने लटकवून हलका झटका द्यायचा. ती थोडीशी खाली उतरून थांबली पाहिजे. धाडकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. डबीवरच्या ताण बदलणाऱ्या स्क्रूला हात लावायच्या आधी त्याची खाच कुठे आहे याचा फोटो काढावा, आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. तो स्क्रू इतका बारीक असतो की जमिनीवर पडला तर केर काढूनच शोधावा लागतो.

कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवरची पट्टी काढून बघितलं तेव्हा खाली सुताचा दाबून बसलेला थर होता, सुईने उचलला तर अख्खी वडी निघाली. ब्रशने काढणं बरं. फुंकर मारली की कचरा आणखी आत जातो, शिवाय तोंडातली वाफ लोखंडाला लागते. तेल मशीनचंच, थेंबभर, आणि तेही माहितीपुस्तकात सांगितलं असेल तिथेच. घरातलं दुसरं तेल कालांतराने चिकट होऊन भाग जाम करतं. तेल दिल्यावर आधी चिंधीवर शिवायचं.

कापड पुढेच सरकत नसेल तर दाते खाली पाडलेले आहेत का आणि टाक्याची लांबी शून्यावर तर नाही ना, एवढंच बघायचं.

जीन्सची कड मात्र बराच काळ छळत होती. जाड शिवणीपाशी आलं की फूट पुढून वर उचलला जायचा, मागून खाली कलायचा आणि टाके एकाच जागी साचायचे. तिथे सुई कापडात रुतवून थांबायचं, फूट उचलायचा, त्याच्या मागच्या बाजूखाली जीन्सच्याच तुकड्याची घडी सरकवायची आणि फूट परत खाली करायचा. फूट सपाट बसला की दाते कापड नीट ओढतात. त्या जाडीवरचे टाके मी पायडल न दाबता चाक हातानेच फिरवून घालते, आणि फूट पलीकडे उतरला की घडी काढून घेते.