सगळं मॅचिंग

काकू पडल्या त्या मी निवडलेल्या टॉवेल रॉडमुळे. फार लागलं नाही. डावा दंड काळानिळा झाला आणि आठ दिवस कंबर शेकावी लागली. पण रॉड माझा होता आणि त्याचा रंगही मीच ठरवला होता.

माझ्याकडे काम आलं होतं ते काकूंचं बाथरूम नव्याने करून द्यायचं. घर कोथरूडमधलं, ऐंशीच्या दशकातल्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. काकू एकोणऐंशी वर्षांच्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे वॉकरवर, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. मुलगा न्यू जर्सीत. "आईला सोयीचं करा, पण स्टायलिश हवं," हे त्याचं व्हिडिओ कॉलवरचं म्हणणं. काकूंनी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं, "अगं, तेवीस दिवस दवाखान्यात काढलेत. ते दवाखान्यातले दांडे इथे लावलेस तर मी अंघोळीला जायचीच नाही." चेअरमननी नेहमीचं ऐकवलं, कशाला खर्च करताय, रीडेव्हलपमेंट होणारच आहे. बारा वर्षं होणारच आहे. तोवर म्हातारीने कुठे बसायचं ते काही ते सांगत नाहीत.

जुन्या पद्धतीप्रमाणे संडास वेगळा, मोरी वेगळी, मध्ये चार इंची भिंत. भिंत काढल्यावर मिळाली चार फूट बाय पावणेआठ फूट जागा. व्हीलचेअर वळवायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं, ते इथे बसणं शक्यच नव्हतं. वॉकर धरूनच आखणी केली. केंद्र सरकारची २०२१ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं ९०० मिलिमीटर मोकळा दरवाजा मागतात. संडासाचं दार होतं जेमतेम दोन फुटी, वर आत उघडणारं. आत माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं, हे दार बसवणाऱ्यांना कधी सुचत नाही. मी बाहेरच्या भिंतीवर सरकणारं दार घेतलं. त्याची कडी बाहेरून रुपयाच्या नाण्याने उघडते.

संडासाला पायरी होती. भारतीय भांड्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप, फरशीखाली पुरायचा म्हणून तेव्हा जमीनच उचलून घ्यायचे. कमोडचा पी-ट्रॅप मागच्या भिंतीतून थेट डक्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या पाइपांच्या बोळात, जातो, त्यामुळे तो सगळा कोबा फोडून पॅसेजच्या पातळीला येता आलं. उंबरा नाही. मग पाणी बाहेर येणार, असं प्लंबर तीनदा म्हणाला. दारापासून लांबच्या भिंतीकडे तीन फुटांना अर्धा इंच ढाळ दिला, शेवटी भिंतीलगत लांब जाळी. मिस्त्रींनी बादलीभर पाणी दाराशी ओतलं आणि ते निमूट जाळीकडे गेलं. प्लंबर काही बोलला नाही.

टाइल्सच्या दुकानात मात्र डोकं फिरलं. "मॅडम, आर-टेन आहे, अँटी-स्किड." हा 'आर' आकडा बूट घालून, तेल सांडलेल्या उतारावर चालून काढतात. ओल्या, अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी वर्गवारी असते, ती दुकानात एकालाही ठाऊक नव्हती. शेवटी चप्पल काढली, नमुन्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि उभी राहिले. तिसरा नमुना घेतला. भिंतींना गडद हिरवा रंग, कारण मोतीबिंदूच्या डोळ्याला पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा कमोड दिसतच नाही.

हँड शॉवरला काकू ठाम नाही म्हणाल्या. "डोक्यावरून तांब्या ओतल्याशिवाय अंघोळ कसली?" आमच्या धंद्यात याला हट्ट म्हणतात आणि शॉवर लावून मोकळे होतात. मी विटा रचल्या. अठरा इंचांवर प्लायवूड टाकून काकूंना बसवलं, शेजारी त्याच उंचीवर रिकामी बादली. तांब्या बादलीच्या काठावरून काढताना खांदा वर चढत होता. विटा काढत काढत खाली आलो. बादली आठ इंचांवर आल्यावर काकूंनी कोरड्यानेच चार तांबे अंगावर घेतले आणि म्हणाल्या, "हां." त्याच मापाचा ग्रॅनाइटचा कट्टा बांधला, बसायच्या भागावर सागवानी पट्ट्या. तेरा वर्षांत मी केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट असेल.

आता रॉड.

ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचे दांडे, तीन: कट्ट्याशी उभा, कमोडशेजारी आडवा, दाराशी एक. स्टीलचे, सव्वा इंच जाडीचे, वर सोनेरी मॅट कोटिंग. चार इंची भिंतीत अँकर फास्टनरचा, म्हणजे भोकात फुगून पकड घेणाऱ्या बोल्टचा, भरवसा नाही, वीट फुटते. म्हणून आट्यांच्या सळया आरपार काढून पलीकडे स्वयंपाकघरात, कपाटामागे, लोखंडी पट्टीवर आवळल्या. प्रत्येक बारला मी स्वतः लोंबकळून पाहते. बहात्तर किलोंचा एवढाच उपयोग. व्हॅक्यूमने चिकटणारे हँडल विकणाऱ्यांनी एकदा तरी असं लोंबकळून बघावं.

आणि मग त्याच कॅटलॉगमधून, त्याच सोनेरी रंगाचा टॉवेल रॉड, हुक आणि साबणाची जाळी घेतली. सेटच होता तो. टॉवेल रॉड बसवायच्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होते. मिस्त्रींचा फोन आला, "मॅडम, हा गिट्टीवरच घेऊ ना?" गिट्टी म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी. म्हटलं, घ्या. टॉवेलला कितीसं वजन!

ताबा देताना काकूंना आतून फिरवलं आणि बजावलं, "काकू, सोनेरी दिसेल ते धरायचं."

सतराव्या दिवशी त्यांनी तेच केलं. कट्ट्यावरून उठल्या, वॉकर दोन पावलांवर, बेसिनपाशी तोल गेला, हात सोनेरी रॉडवर पडला. प्लॅस्टिकच्या दोन्ही गिट्ट्या टाइलमधून सरळ निघून आल्या. कामाच्या मावशींनी नाण्याने कडी फिरवून दार सरकवलं तेव्हा काकू खाली बसलेल्या होत्या, रॉड हातातच.

दुसऱ्या दिवशी टॉवेल रॉडच्या जागी चौथा ग्रॅब बार आरपार बसवला, टॉवेलला कट्ट्यापासून लांब लाकडी खुंट्या. पैसे घेतले नाहीत. सगळं पांढरं स्टील वापरलं असतं तरी टॉवेल रॉड तसाच दिसला असता, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं. ते खरंही आहे. पण "सोनेरी धरा" हे वाक्य कॅटलॉगमध्ये नव्हतं, माझ्या तोंडी होतं.

काकूंनी एकच अट घातली. "त्याला सांगू नकोस. लगेच कॅमेरा बसवायला निघेल, मोरीतसुद्धा." मी अजून सांगितलेलं नाही. बिल मुलाने भरलंय, बोलून चालून क्लायंट तो. पण अंघोळ काकूंची आहे.

परवा त्याच्या मित्राचा मेसेज आला, बाणेरला आईवडिलांसाठी बाथरूम करायचंय. सोबत काकूंच्या बाथरूमचा फोटो, पहिल्या आठवड्यातला, टॉवेल रॉडसकट. खाली लिहिलंय, "अगदी असंच हवं, सगळं मॅचिंग."