अळणी भरती

आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "आज पंचमी. पावणेचारला भरती."

मी लॅपटॉपमधून मान वर केली. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या हाफेनसिटी या बंदरावरच्या नव्या वस्तीतलं, चौथ्या मजल्यावरचं माझं स्वयंपाकघर. आईने येताना आणलेलं कालनिर्णय फ्रिजवर लोहचुंबकाने टांगलेलं. तिला येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते, पण पाण्याचा हिशेब तिने सुरू केला होता.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. आमच्याकडे दाभोळच्या खाडीवर पोराला बे एके बे धड येत नसे, पण पाउणकी यायची. तिच्याशिवाय तरीवर, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीवर, जायचं कसं?

गावाकडे सगळ्यांना मी सांगून ठेवलंय की माझं घर पाण्यावर आहे. ते खोटं नाही. फक्त माझ्या खिडकीतून पाणी दिसत नाही, समोरच्या बिऱ्हाडाचा ओटा दिसतो. ते लोक रोज सात वाजता पास्ता करतात. पाणी ज्यांना दिसतं ते निराळं भाडं भरतात. याचं मला अजून नवल वाटतं. आमच्यात सोयरीक जमवताना मुलाच्या घराबद्दल हळूच विचारायचे, "पाणी दारात येतं का हो?" येत असेल तर स्थळ जरा उणं. इथे पाणी जितकं दारात, तितका आकडा मोठा.

पावणेचारची भरती बघायला आम्ही खाली उतरलो. वाटेत एक चौक लागतो, पोरं बास्केटबॉल खेळत असतात. आईने पाटी अक्षर अक्षर लावून वाचली. वास्को-द-गामा-प्लाट्स.

"या मेल्याला इथेही जागा दिली?"

मी म्हटलं, अगं, इथे मार्को पोलो आहे, मॅगेलन आहे, बंदराचं शहर आहे, नावं अशीच ठेवणार. पण १५०८ साली पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं होतं, आणि आई ही गोष्ट शेजारच्या वाडीत परवा घडल्यासारखी सांगते. जाळणारा वास्को नव्हता, अल्मेदा होता. तिला तो तपशील किरकोळ वाटतो.

पुढे एल्बफिलहार्मोनी. खाली विटांची जुनी वखार, वर काचेच्या लाटा. वखारीत पूर्वी कोको, चहा, तंबाखू असायचा. आतून सगळं काढून भिंती तेवढ्या ठेवल्या आणि २०१७ साली वर गाण्याचं सभागृह उघडलं. आई बराच वेळ मान वर करून बघत राहिली. मला वाटलं काहीतरी बोलेल. "कोकोला वास येतो का गं आता?" एवढंच विचारलं.

जुन्या जहाजांचा तरंगता धक्का आहे तिथे पोचलो तर भरती कुठली! भिंतीवर हिरवं शेवाळ उघडं पडलेलं, कडेला चिखल. धक्का आपल्या खांबांना धरून पार खाली गेलेला, त्यावर उतरायचा पूल घसरगुंडीसारखा तिरपा. भरतीला हाच पूल जवळजवळ सपाट असतो. साडेतीन मीटरच्या वर फरक पडतो इथे, आणि समुद्र राहिला शंभर किलोमीटर लांब.

"सुकती लागलीय," आई म्हणाली. आपली पाउणकी चुकली याचं तिला काहीच वाटलं नाही, उलट चेहरा खुलला. कठडा धरून ती तो पूल उतरली, धक्क्याच्या कडेला गुडघे टेकून बसली आणि मी "अगं अगं" म्हणेपर्यंत बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलंसुद्धा. एक जर्मन आजोबा सायकल थांबवून वरून बघत होते.

"अळणी आहे!"

चार वर्षं झाली मला इथे राहून. हे पाणी सहा-सहा तासांनी वरखाली होतं हे माहीत होतं, एल्ब ही नदी आहे हेही माहीत होतं. पण भरती-ओहोटीचं पाणी गोडं असेल हे काही डोक्यात आलं नव्हतं. वास मात्र तोच. शेवाळाचा, ओल्या लाकडाचा, थोडा डिझेलचा. या वासाला माझ्या डोक्यात मीठ आपोआप पडत असावं.

सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आबा आम्हाला मुळे काढायला न्यायचे, चिखलातले खायचे शिंपले. चिखलात पाय पोटरीपर्यंत जायचा, उपसताना चप्पल आतच राहायची. मग आबा कोपरापर्यंत हात घालून ती शोधायचे. कधी चप्पल निघायची, कधी दुसऱ्याच कुणाची. अशी एक परकी चप्पल आमच्या पडवीत कित्येक वर्षं होती. डाव्या पायाची, निळी. कुणी न्यायला आलं तर, म्हणून ठेवलेली.

परतताना आईने विचारलं, "एवढ्या काचा लावल्यात, उधाणाला काय करतात?" मी सांगितलं. १९६२च्या फेब्रुवारीत एका रात्रीत एल्ब शहरात घुसली आणि हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली. ही वस्ती वसवताना भोवती बांध घातला नाही, जमीनच भर घालून आठेक मीटरवर नेली. धक्क्यालगतची वाट तेवढी खाली ठेवलीय. वादळात ती बुडते, तेव्हा लोखंडी दारं लावून घेतात.

"म्हणजे जोतं उंच घेतलंय."

हो, जोतं. इतकी वर्षं लोकांना मी हे हात हलवून समजावत होते.

मामाच्या चिपळूणच्या घराचं जोतं तीन फूट होतं. २०२१च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी माळ्याला लागलं. त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही.

आई गावी परत गेली. कालनिर्णय फ्रिजवरच आहे. तिचा फोन आला की पहिला प्रश्न, "आता काय, भरती की सुकती?" खिडकीतून तर पास्ता दिसतो. म्हणून मी इथली पाउणकी बसवली. तिथीची पाऊणपट करायची आणि हिवाळ्यात पाच तास मिळवायचे, उन्हाळ्यात इथलं घड्याळ तासभर पुढे असतं म्हणून सहा. आठवडाभर बरी जुळली. मग वायव्येचा वारा सुटला आणि सुकतीची वेळ टळून गेली तरी पाणी भिंतीला तसंच लागून उभं. आईला फोन करून सांगितलं.

"म्हणजे आज मुळे नाहीत," ती म्हणाली, आणि जेवायला काय केलंस ते विचारू लागली.