करंगळी आणि ऊन पाणी

जर्मनीतल्या आखेन गावी मी पहिल्यांदा उतरले ती ऑक्टोबरमधली संध्याकाळ. भुरभुर पाऊस, हातात दोन बॅगा, खोलीची किल्ली दुसऱ्या दिवशी मिळणार, म्हणून त्या रात्रीपुरतं गावात राहणाऱ्या एका सीनियरकडे जायचं होतं. स्टेशनापासून चालत मध्यवस्तीत आले आणि एकदम थांबले. वास आला. सडक्या अंड्याचा, गंधकाचा, माझ्या पूर्ण ओळखीचा.

मी संगमेश्वर तालुक्यातली. आमच्या घरापासून तुरळचं गरम पाण्याचं कुंड जवळ, मुंबई-गोवा हायवेला लागून. आजीचे गुडघे दुखायला लागले की बाबा आम्हा दोघींना तिथे सोडायचे. ती पदर खोचून पाण्यात पाय सोडून बसायची आणि मी काठावर नाक दाबून. आमच्याकडे त्याला 'ऊन पाणी' म्हणतात. घरी परतल्यावरही केसांना तो वास दोन दिवस राहायचा. जवळजवळ सात हजार किलोमीटरवर, अंधारात, पावसात तोच वास समोर उभा राहिला आणि मला रस्त्यातच रडू आलं.

ती जागा म्हणजे एलिझेनब्रुनेन. पांढऱ्या खांबांची, घुमटाची देखणी इमारत, 1827 सालची. महायुद्धात उद्ध्वस्त झाली, मग पुन्हा बांधली. आत तोटीतून ऊन पाणी वाहत असतं, साधारण 52 अंशांचं. रोमन सैनिक याच पाण्यात अंघोळी करत, शार्लमेन राजाने इथे मुक्काम केला तोही या पाण्याच्या ओढीने. आखेन हे नावसुद्धा 'पाणी' या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलंय. पर्यटक वाकून वास घेतात, तोंड वाकडं करतात आणि फोटो काढून पुढे जातात. मी तिथल्या बाकावर बसते. आठवड्यातून एकदा तरी बसतेच.

मी इथे जिओसायन्समध्ये मास्टर्स करते, त्यामुळे या पाण्याची गोष्ट आता अभ्यासातही आली. आसपास कुठेही जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी चुनखडीच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि खडकातल्या मोठ्या भंगरेषेवरून वर येतं. वर्गात फळ्यावर हे चित्र निघालं तेव्हा मला आपली किनारपट्टी दिसत होती. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून खाली राजापूरपर्यंत झऱ्यांची ओळ लागलेली आहे, त्यात आमचं तुरळ, राजवाडी, आरवली. तिथेही ज्वालामुखी नाही, पाणी खोल जाऊन तापूनच वर येतं. खडक मात्र वेगळे. तास संपल्यावर प्राध्यापकांना गाठून मी हे सांगितलं, माझ्या त्या वेळच्या मोडक्या जर्मनमध्ये. त्यांनी नकाशा उघडायला लावला आणि आम्ही अर्धा तास कोकण बघत उभे होतो. इथे आल्यापासून इतकं अवघडल्याशिवाय मी कोणाशी बोलले नव्हते.

बाकी दिवस धावपळीत जातात. सकाळी बस, लेक्चर, दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवण, मग प्रयोगशाळेतली विद्यार्थी-सहायकाची नोकरी, तिला सगळे 'हिवी' म्हणतात. इथले गुण उलटे असतात: 1.0 सगळ्यात चांगला, 4.0 पर्यंत पास, 5.0 नापास. पहिल्या सत्रात एका विषयात 5.0 मिळाले. घरी सांगताना आईला आधी वाटलं पाच म्हणजे उत्तम. मग मी समजावलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बरं, पुढच्या खेपेला एक आण." पुढच्या खेपेला 2.3 आणले.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद. पहिले दोन रविवार मी नुसत्या भातावर काढले. मग कळलं की इथली पोरं रविवारी बस पकडून फाल्सला जातात. फाल्स नेदरलँड्समध्ये आहे, आखेनला चिकटून, आणि तिथलं सुपरमार्केट रविवारी उघडं असतं. कोथिंबीर संपली म्हणून परदेशात जाऊन यायचं, जेवणाच्या वेळेला घरी! गावावरच्या टेकडीवर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा एका बिंदूला मिळतात. उंची 322 मीटर. आमच्या घरामागचा डोंगर यापेक्षा दांडगा दिसतो, पण नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरची ही सगळ्यात उंच जागा आहे आणि डचांना तिचं भारी कौतुक. मलाही आवडते. पिशवीत कोथिंबिरीची जुडी घेऊन मी दोनदा वर चढून आले आहे.

आता करंगळीबद्दल. मी राहते त्या घराच्या मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, तळमजल्यावर राहतात. मला कायम 'झी' म्हणतात, म्हणजे आपलं तुम्ही. मीही त्यांना तुम्हीच म्हणते. आजीच्या वयाच्या बाईला तू म्हणायला माझी जीभ वळणार नाही. एका सकाळी त्या बसस्टॉपवर उभ्या होत्या. मला बघून त्यांनी मूठ मिटली आणि उजव्या हाताची करंगळी वर केली. मला सुचेना काय करावं. आमच्या शाळेत करंगळी वर केली की एकच अर्थ: बाई, लघवीला जाऊ?

संध्याकाळी त्यांनी चहाला बोलावून सांगितलं. आखेन हे एके काळी सुयांचं गाव. कारखान्यात तयार सुयांच्या ढिगातून खराब सुया करंगळीने बाजूला काढायच्या, हे काम बायका आणि लहान मुलं करत. त्यावरून करंगळी वर करणं ही आखेनकरांची खूण झाली, तिचं नाव क्लेंकेस. परमुलखात एक आखेनकर दुसऱ्याला तिच्यावरून ओळखतो. बाईंची आजी लहानपणी हे काम करायची. सांगताना बाई आपली करंगळी टेबलावर घासून दाखवत होत्या, पुन्हा पुन्हा, एकेक सुई बाजूला सारावी तशी. त्या मुलांचे डोळे त्या कामाने किती थकत असतील, हेच माझ्या डोक्यात राहिलं. निघताना त्या "च्यो" म्हणाल्या. इकडचा निरोप असाच घेतात.

मागच्या डिसेंबरात मी कोलोनच्या स्टेशनावर उभी होते. साडेचारलाच काळोख झालेला, परीक्षा तोंडावर, मन अगदी उदास. शेजारी एक म्हातारं जोडपं, बोलण्यात आखेनचा हेल. काय वाटलं कोण जाणे, मी हातमोजा काढला आणि करंगळी वर केली. आजोबा आधी बघतच राहिले. मग दोघांनीही करंगळ्या वर केल्या आणि आजोबांनी माझ्यासाठी पिशवीतून प्रिंटेन काढलं. प्रिंटेन हा आखेनचा मसाल्याचा बिस्किटासारखा प्रकार, काही इतके कडक की चहात बुडवल्याशिवाय दात लागत नाही. गाडी येईपर्यंत तिघं तेच चावत उभे होतो.

फेब्रुवारीत घरी जाते आहे. बॅगेत आजीसाठी मऊ जातीचे प्रिंटेन आहेत आणि एक थर्मामीटर. परवा फोनवर तिला सांगितलं, इथलं पाणी 52 अंश, आपलं किती ते मोजायचंय.

"मोज की गो," आजी म्हणाली. "पण आधी पाय सोडून बस माझ्याबरोबर. मोजायचं मग."