स्लो नेटवाल्या कस्टमरसाठी मेलची साईज लिमिट

मेल सर्व्हरवर साईज लिमिट ठरवताना बरेच ॲडमिन डिस्ककडे बघतात. मला वाटतं बघायला पाहिजे कस्टमरच्या लाईनकडे, कारण डिस्क वाढवता येते, त्याची लाईन आपल्या हातात नसते.

साधा हिशोब करून बघा. १० एमबीची फाईल मेलमधून जाताना बेस६४ होते (म्हणजे साध्या अक्षरांत बदलली जाते), दर ३ बाईट्सचे ४ होतात, वर लाईन ब्रेक, म्हणजे मिळून साधारण ३७ टक्के जास्त, झाले पावणेचौदा एमबी. २५६ केबीपीएसची लाईन म्हणजे सेकंदाला फक्त ३२ केबी (ते बिट असतात, बाईट नाहीत, इथे लोक हमखास फसतात) म्हणजे एकच मेल उतरवायला सात मिनिटं, तेही लाईन तुटली नाही तर.

आणि ती तुटतेच. पॉप३ मध्ये (सर्व्हरवरून अख्खे मेल उतरवून घ्यायची पद्धत) अर्धवट आलेला मेल तिथून पुढे चालू करायची सोयच नाही, परत पहिल्यापासून, परत तुटणार, आणि त्याच्या मागे रांगेत असलेले दोन ओळींचे महत्त्वाचे मेल तसेच अडकून पडणार. कस्टमर फोन करून म्हणतो मेल बंद आहे, आणि त्याच्या बाजूने ते खरंच असतं. अशा कस्टमरला मी आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) न्यायला बघतो, तिथे क्लायंट, म्हणजे त्याचा मेलचा प्रोग्रॅम, आधी मजकूर आणू शकतो आणि अटॅचमेंट मागितली तरच उतरवतो. पॉपच वापरायचं असेल तर अमुक केबीच्या वरचे मेल पूर्ण उतरवू नको असं सेटिंग काही क्लायंटमध्ये असतं, थंडरबर्डमध्ये आहे, ते चालू करून द्यायचं.

आता लिमिटचं. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची डिफॉल्ट लिमिट १०२४०००० बाईट्स आहे आणि ती एन्कोड (वरचं बेस६४) झाल्यानंतरच्या साईजवर लागते, म्हणजे खरी फाईल साडेसात एमबीच्या आतलीच जाते. कस्टमरला आकडा सांगताना हा दुसरा सांगायचा, नाहीतर ९ एमबीची फाईल का परत आली म्हणून तो डोकं धरून बसतो. सगळ्यांना एकच लिमिट नको असेल तर पॉलिसी सर्व्हिसला (मेल घ्यायचा की नाही हे पोस्टफिक्स जिला विचारतो तो वेगळा प्रोग्रॅम) मेलची साईज मिळते, त्यावरून स्लो लाईनवाल्यांसाठी येणाऱ्या मेलची लिमिट वेगळी ठेवता येते.

एसएमटीपीचं (मेल पाठवायची पद्धत) साईज एक्स्टेन्शन, म्हणजे साईज आधीच सांगायची जोड-सोय, १९९५ च्या आरएफसी १८७० या इंटरनेटच्या नियमांच्या कागदातलं आहे, आणि स्लो लाईनवाल्यासाठी याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही असं माझं मत आहे. सर्व्हर सुरुवातीलाच लिमिट सांगतो, पाठवणारा क्लायंट आपल्या मेलची साईज सांगतो, जास्त असेल तर ५५२ हा एरर कोड देऊन तिथेच नकार, फाईल चढवण्यात वेळ जातच नाही. काही जण अटॅचमेंट गुपचूप काढून मेल पुढे पाठवतात, ते मला अजिबात पटत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं फाईल पोचली, घेणारा वाट बघत बसतो. त्यापेक्षा सरळ नकार द्या आणि त्या मेसेजमध्ये साध्या भाषेत लिहा की ५ एमबीपर्यंतची फाईल चालेल, मोठी असेल तर लिंक पाठवा.