गिअरबॉक्सला इंजिनचा आरपीएमच दिसत नव्हता (पी ०७२७, काम फत्ते)

भावांनो, चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिकचा हा अपडेट. लक्षणं अशी होती की गाडी गरम झाल्यावरसुद्धा लॉकअप (कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधली ऑइलची जोडणी, थेट लॉक होणं) लागत नव्हतं, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दणका, आणि ओव्हरड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा. स्कॅनरवर टीसीएममध्ये (गिअरबॉक्सचा कंप्युटर) पी ०७२७, म्हणजे इंजिन स्पीडचा सिग्नलच येत नाही. ईसीएममध्ये (इंजिनचा कंप्युटर) मात्र एकही कोड नाही, आणि डॅशबोर्डचा आरपीएम काटा झकास चालू.

इथंच बरेच जण क्रँक सेन्सर (इंजिनचा आरपीएम मोजणारा) बदलून मोकळे होतात. पण क्रँक सेन्सर गेला असता तर इंजिनच चालू झालं नसतं किंवा निदान ईसीएमनं पी ०३३५ (क्रँक सेन्सरचा कोड) तरी टाकला असता. मी लाइव्ह डेटा दोन्ही डब्यांचा शेजारी शेजारी लावला. आयडलला ईसीएम म्हणतोय ७५०, टीसीएम म्हणतोय ०. टर्बाइन स्पीड (कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्सकडं जाणारा वेग) मात्र बरोबर, न्यूट्रलला इंजिनच्या आसपास, ब्रेक दाबून डी मध्ये टाकली की शून्य, जसं असायला पाहिजे तसं. आता टीसीएम बिचारा करणार काय, इंजिनच्या आरपीएममधून टर्बाइनचा आरपीएम वजा करून तो कन्व्हर्टरची स्लिप काढतो, इंजिनच शून्य दिसलं तर रस्त्यावर २००० आरपीएमला स्लिप उणे २००० येते. असल्या आकड्यावर तो लॉकअप देणारच नाही, आणि नाही दिलं तेच बरं.

नवीन गाड्यांत हा आकडा कॅनवरून (सगळ्या कंप्युटरना जोडणारी दोन वायरींची लाइन) येतो, तिथं सोबत यू ०१०० (ईसीएमशी संपर्क तुटल्याचा कोड) असेल तर बॅटरी काढून ओबीडीच्या (स्कॅनर लावायचं सॉकेट) ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ६० ओहम येतात का ते आधी बघायचं. माझ्या गाडीत मात्र ईसीएमपासून टीसीएमपर्यंत यासाठी स्वतंत्र वायर आहे आणि डॅशबोर्डच्या काट्याची वायर वेगळ्या पिनमधून निघते, म्हणून काटा चालतोय यावरून या वायरबद्दल काहीच कळत नाही. वायरिंग डायग्राम समोर ठेवल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून आधी डायग्राम मिळवा मगच मीटर हातात घ्या.

एका गॅरेजमध्ये ईसीएमच्या पिनवर मीटर लावून शून्य व्होल्ट बघितले आणि "ईसीएम गेलाय, बदलायला लागतोय" म्हणून सांगितलं. मला ते पटलं नाही, कारण या सर्किटमध्ये ईसीएम स्वतः व्होल्टेज देतच नाही. तो आत ट्रान्झिस्टरनं लाइन फक्त अर्थला ओढतो आणि सोडतो, ५ व्होल्ट देतो टीसीएम, त्याच्या आतल्या पुल-अप रेझिस्टरमधून (लाइन ५ व्होल्टवर वर धरून ठेवणारा). म्हणजे विहिरीवरची मोटर पलीकडं आहे आणि अलीकडं फक्त नळाची तोटी. आता दोन्ही टोकं बघा. ईसीएम मेला असेल तर दोन्हीकडं ५ व्होल्ट स्थिर. वायर अर्थला टेकली असेल तर दोन्हीकडं शून्य. आणि मध्ये तुटली असेल तर टीसीएमकडं ५, ईसीएमकडं शून्य. माझ्याकडं टीसीएमच्या कपलरला मागून पिन टोचून मोजलं तर इंजिन चालू असताना सरळ ५ व्होल्ट, हलायचं नाव नाही. ईसीएमकडं गॅरेजवाल्यानं शून्य बघितलंच होतं, म्हणजे वायर तुटलेली. (काही गाड्यांत पुल-अप ईसीएममध्येच असतो, तिथं हे सगळं उलटं वाचायचं.)

तरी ईसीएमला निर्दोष ठरवायचंच होतं. बॅटरी काढून ईसीएमच्या कपलरमधली ती एक पिन बाहेर घेतली, तिला छोटी वायर जोडली, आणि लायटर सॉकेटमधल्या मोबाईल चार्जरचे ५ व्होल्ट ४.७ के च्या (४७०० ओहम) रेझिस्टरमधून त्या वायरला दिले. इंजिन चालू केलं आणि मीटरवर २.५ च्या आसपास व्होल्ट, फ्रिक्वेन्सीवर टाकलं तर २५ हर्ट्झ! चार सिलिंडरला क्रँकच्या एका फेरीत दोन पल्स, म्हणजे हर्ट्झ गुणिले ३० बरोबर आरपीएम, ७५० बरोब्बर. काय आनंद झाला म्हणून सांगू, काही रुपयांच्या रेझिस्टरनं आख्खा ईसीएम वाचवला.

मग वायर शोधायची. उद्यमनगरातले ओळखीचे वायरिंगवाले मामा आले, त्यांना म्हटलं, "मामा, ओहममध्ये कधी कधी ठीक दाखवतंय." ते म्हणाले, "ओहमवर जाऊ नको बाळा, बल्ब लाव." दोन्ही डबे सोडवून त्या वायरमधून ५ वॅटचा बल्ब पेटवून बघितला, नुसता लाल तांबूस, आणि बॅटरी ट्रेखालचं हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवलं की तोही विझला. एखाददुसरी तार जरी शिल्लक असली तरी मीटर ठीक दाखवतो, पुरेसा करंट मात्र तिथून जात नाही, मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

टेप सोलल्यावर कारण सापडलं. आधीच्या मालकानं बाहेरचा आरपीएम मीटर लावताना वायर न सोलता दाबून जोडायची ती निळी क्लिप वापरली होती, मीटर काढला पण क्लिप तशीच. आपल्याकडचा पावसाळा, त्यात बॅटरीचं ॲसिड वरून, आतलं तांबं हिरवं होऊन पार चुरा. दोन्ही बाजूंनी चकचकीत तांबं लागेपर्यंत कापलं, त्याच जाडीचा नवीन तुकडा सोल्डर करून आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवली आणि हार्नेस ट्रेपासून लांब बांधलं.

कोड पुसून कागलकडं हायवेला काढली. ८० ला स्थिर ठेवल्यावर आरपीएम एकदम खाली आला, ब्रेकला नुसता पाय टेकवला की वर, सोडला की थोड्या वेळानं परत खाली. टीसीएममध्ये इंजिन आणि टर्बाइन जवळजवळ सारखे. पन्हाळ्याच्या चढावर गरम करून बघितली, कोड परत आला नाही, दणकाही गेला.

आता राहिलंय ते ऑइल. लॉकअपशिवाय चालल्यानं कन्व्हर्टर जास्त तापलेला असणार, काडीवर ऑइल काळपट दिसतंय पण जळका वास नाही. पॅन उघडून चुंबकावर किती भुकटी बसलीय त्याचे फोटो पुढच्या अपडेटला टाकतो.