इंजिन कव्हर: चार खुंट्या, तीन रविवार

रविवार पहिला

काम होतं स्पार्क प्लग बदलायचं. गाडी २०१३ ची, पेट्रोल, चार सिलिंडरची छोटी हॅचबॅक. ज्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता, त्याच महिन्यात ती घरी आली. त्यामुळे तिच्या रबरांची मला पहिल्यापासून दया येते.

बॉनेट उघडलं. सगळ्यात वर ते काळं प्लास्टिकचं कव्हर. बोल्ट नाही, स्क्रू नाही, म्हणजे नुसतं दाबून बसवलेलं. समोरचा उजवा कोपरा धरला, वर खेचला, आणि 'कट्' झालं. ग्रोमेट (कव्हर पकडून ठेवणारं रबरी कडं) सुटतं तेव्हा 'थप्' वाजतं, हे आता ठाऊक आहे. कव्हर होतं तिथंच राहिलं आणि आत काहीतरी खुळखुळायला लागलं.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून काका बघून राहिले होते. अजनीच्या लोको शेडमधून रिटायर झालेले आहेत, त्यामुळे माझं प्रत्येक काम त्यांच्या देखरेखीखाली होतं.

"तोडलं का बे?"

"नाही काका, सैल केलं."

"ओढू नको त्याले. खालून उचल. अन् आधी रबर गरम होऊ दे."

त्या दिवशी पुढं हात लावला नाही.

मधला आठवडा

संध्याकाळी टॉर्च घेऊन, मोबाइलचा कॅमेरा कव्हरच्या फटीत घालून फोटो काढले. तेव्हा रचना कळली. इंजिनावर चार ठिकाणी धातूच्या खुंट्या आहेत, प्रत्येकीच्या टोकाला गोळा. कव्हरच्या पोटात बरोबर त्याच जागी प्लास्टिकच्या वाट्या, आणि वाटीत रबरी ग्रोमेट. गोळा ग्रोमेटच्या तोंडातून आत गेला की तोंड त्याच्या मानेवर मिटतं. गोळा १० मिमीचा, नव्या ग्रोमेटचं तोंड साडेसात मिमी (हे नंतर व्हर्नियरनं मोजलं). रबर मऊ असेल तर तोंड पसरतं आणि गोळा बाहेर येतो. पण इंजिनाच्या डोक्यावर इतके उन्हाळे काढलेलं रबर कशाला पसरतंय? मग सगळा जोर वाटीवर जातो. कोपऱ्यातून ओढलं तर तो तिरपाही पडतो, आणि वाटी ज्या पातळ पट्टीवर उभी असते ती पट्टी तुटते. माझी तशीच तुटली.

तुमच्या गाडीत आधी एक गोष्ट बघा: एअर फिल्टर कव्हरमध्येच आहे का? काही गाड्यांत कव्हर हाच फिल्टरचा डबा असतो. तिथं हवेचा पाइप आणि क्लिपा आधी सोडवाव्या लागतात, आणि ते कव्हर काढून ठेवून गाडी चालवायची नाही. माझं नुसतं झाकण आहे. आवाज जरा दबतो, प्लगला वीज देणाऱ्या कॉइलवर धूळ-पाणी कमी पडतं, आणि बॉनेट उघडल्यावर बरं दिसतं, बस.

रविवार दुसरा

सकाळी सात. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही आपोआप फिरतो, हात तिथंच असतात, म्हणून. रबर कोमट हवं, चटका बसेल इतकं गरम नको.

माझ्या गाडीत ऑइलचं झाकण कव्हरच्या भोकातून वर येतं आणि त्याची कडा भोकापेक्षा रुंद आहे. ते काढल्याशिवाय कव्हर हलत नाही. भोवतालची धूळ पुसून मगच झाकण उघडलं आणि तोंडावर स्वच्छ फडकं घातलं. गाडी कडुलिंबाखाली उभी असते. मोहोर, काड्या, पिवळी पानं, सगळं कव्हरवर जमतं आणि हलवलं की नेमकं त्या भोकाकडे घरंगळतं.

मग खुंटीच्या अगदी लगत, कडेखालून दोन्ही हातांची बोटं घालून सरळ वर रेटलं. समोरची डावी: थप्. समोरच्या उजवीची वाटी तर तुटलेलीच होती, ती खुंटीवरच बसून राहिली. मागच्या दोन्ही काउलखाली (समोरच्या काचेच्या बुडाशी असलेल्या पट्टीखाली), हात जेमतेम जातो. डावी निघाली. उजवी हलेना. तिथं जोर केला नाही. खुंटीच्या बुडाशी षट्कोन असतो. १० चा फिक्स पाना तिरपा घालून, दर वेळी पाव फेरा करत खुंटीच सोडवली. वीस मिनिटं लागली, कोपर सोललं, पण कव्हर खुंटीसकट अख्खं बाहेर आलं. ऑइलचं झाकण लगेच परत लावलं.

कव्हर उलटं केलं. फोम उंदरानं कुरतडलेला, त्यात कडुलिंबाच्या पानांची गादी आणि शेंगदाण्याची तीन टरफलं. समोरच्या डाव्या वाटीत ग्रोमेट नव्हतंच! तिथं सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळून कोंबलेला. गेल्या सर्व्हिसनंतर गाडी उभी असताना जो बारीक खडखडाट यायचा, तो हाच. बिलात 'क्लीनिंग'चे पैसे मात्र लावले होते.

पोटावर कोरलेलं होतं: पीए६-जीएफ३०. म्हणजे नायलॉन, ३० टक्के काचतंतू. नायलॉन हवेतला ओलावा शोषून चिवट होतं आणि सुकलं की ठिसूळ. इंजिनावर भाजून निघालेलं, वर नागपूरचा कोरडा उन्हाळा. हीच वाटी ऑगस्टमध्ये ओढली असती तर कदाचित वाचली असती, असं मी स्वतःला समजावतो. काकांना ते पटलेलं नाही.

इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत तर्री पोहे खाऊन आलो. अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) गरम असताना प्लग खोलू नयेत, आटे खराब होतात. प्लग पाऊण तासात बदलले. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

रविवार तिसरा

ग्रोमेट सीताबर्डीत मिळाले. 'इंजिन कव्हरचं रबर' म्हणून नुसतं मागितलं तर दुकानदार चार प्रकार समोर ठेवतो, म्हणून जुना नग सोबत न्या. चारही नवे घेतले.

तुटलेली वाटी चिकटवली नाही. नायलॉन गरम केलं की वितळतं, म्हणून सोल्डरिंग आयर्ननं शिवली: स्टेपलरच्या पिना तापवून भेगेवर आडव्या रुतवल्या, वरून प्लास्टिक सारवलं. दिसायला फोडणीच्या पळीचा डाग. पण आतल्या बाजूला आहे. हे काम गच्चीवर करा, धूर वाईट असतो.

ग्रोमेट गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून वाट्यांत बसवले. गोळ्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट. काका म्हणाले, खोबरेल लाव. मी नको म्हटलं. ऑइल, पेट्रोलियम जेली तर अजिबातच नको, ईपीडीएम रबर त्यानं फुगतं. मागची खुंटी हातानं आटे धरून बसवली आणि पान्यानं अगदी हलकी कसली.

कव्हर ठेवलं, चारही गोळे तोंडाशी आलेत का ते चाचपलं. मागच्या दोन: थप्, थप्. समोरची डावी: थप्. समोरच्या उजवीवर तळहात ठेवला आणि थांबलो. शिवलेली वाटी त्याच हाताखाली.

"दाब नं बे," भिंतीपलीकडून आवाज आला.

थप्.