टिकली आणि बुडबुडे

टिकली पाण्यात सोडली आणि तिच्यातून बुडबुडे यायचे थांबेचनात. निकेल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पावडरी मिसळून हॉट प्रेसमध्ये, म्हणजे तापवता तापवता दाबणाऱ्या भट्टीत, केलेली आमची ही पहिली टिकली. वरून गुळगुळीत, आतून स्पंज. छिद्रं बुजवायला मेण लावून पुन्हा वजन घेतलं. घनता 4.9 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. दोन्ही धातूंचं नीट संयुग झालं असतं, तर हवी होती 5.9च्या आसपास.

चेंबूरला त्या दिवशी पावसाची झड लागली होती. "मामा, पावडर दमट राहिली असेल," मी म्हटलं.

वर्कशॉप सांभाळणाऱ्या मामांना ते पटलं नाही. "रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये होती ना गं? आधी नोंदी बघ."

नोंदी उघडल्या आणि पोटात खड्डा पडला. 640 अंशांजवळ तापमानाचा आकडा एका मिनिटात दोनशेने उसळला होता. तिथे निकेलला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम वितळायला लागतं, निकेलशी भिडतं आणि संयुग होताना इतकी उष्णता सुटते की आतलं तापमान थेट 1638 अंशांपर्यंत, म्हणजे नव्या संयुगाच्या वितळणबिंदूपर्यंत, जाऊ शकतं. मी दाब दिला होता 1000 अंशांना. तोवर आत ताठ सांगाडा उभा राहिला होता, आणि हे संयुग तापल्यावरही सहजी दबत नाही.

कागदावर हिशेब मांडला. दोन्ही धातूंची मिळून घनता 5.2 भरते, संयुगाची 5.9. म्हणजे सगळा माल जवळजवळ एक-अष्टमांश आकसतो. त्या क्षणी दाबणारं कोणी नसेल तर रिकामी झालेली जागा छिद्रं म्हणून तशीच राहते. हे मला माहीत होतं, तरी मी दाब उशिरा दिला, कारण वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पंचाच्या, म्हणजे दाबणाऱ्या दट्ट्याच्या, फटीतून बाहेर पिळून निघेल याची मला भीती होती. भीती खोटी नव्हती. तसं होतंच.

मामांनी मधला मार्ग काढला: डायला, म्हणजे साच्याला, आतून ग्रॅफाइटचा पातळ पत्रा, आधीपासून 10 मेगापास्कलचा हलका दाब, आणि दट्टा ढकलणारा रॅम किती सरकला ते दाखवणाऱ्या डायलवर एकाची नजर.

दुपारी भट्टी पुन्हा लावली. 620. 635. मी आकडे मोठ्याने वाचत होते. अचानक डायलची सुई घसरली, श्वास आत घेईपर्यंत पाच मिलिमीटर. "मामा!" त्यांचा हात हँडलवर होताच. दाब 30वर गेला. मग 1200 अंशांना तासभर तसंच धरून ठेवलं.

भट्टी रात्रभर थंड होत राहिली. सकाळी कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं होतं, पोचायला अकरा वाजले. टिकली घासून दोऱ्याने टांगली, पाण्यात सोडली. एकही बुडबुडा नाही. 5.8.

मामांनी ती पुसून पुन्हा टांगायला लावली. तिसऱ्यांदाही 5.8च.